भिंतीवरचं गाऱ्हाणं

“‘घनकचऱ्याचे’ झाला. आता फुडे काय?” हातातला ब्रश हवेत धरून दत्ताराम मेस्त्रीनं विचारलं.

“‘सुयोग्य व्यवस्थापन’,” मोबाइलकडे बघत सरपंच संचिता परब म्हणाली. “आणि खालच्या ओळीत ‘हेच सुसंस्कृत ग्रामजीवन’. शेवटी उद्गारचिन्ह आहे.”

“बाय, ह्या आपण कोणासाठी लिवतव?”

“लोकांसाठी, काका. वरून आलंय. एक शब्दसुद्धा बदलायचा नाही म्हणून सांगितलंय.”

संचिता दत्तारामच्याच वाडीतली. एरवी त्याच्याशी मालवणीतच बोलायची, पण ग्रामपंचायतीचं काम निघालं की बाहेर पडताना चप्पल घालावी तशी ती शुद्ध मराठी घालायची. मग ते काम कचेरीत असो, नाहीतर व्हाळाच्या काठावर.

गाव आचऱ्याहून तोंडवलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आतल्या अंगाला. मधून व्हाळ वाहतो, म्हणजे ओढाच, पुढे जाऊन खाडीला मिळतो. व्हाळावर छोटासा पूल, साकव; साकवाला लागून भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे सगळ्या गावानं कसलाही भेदभाव न करता टाकलेला कचरा. आमच्या गावात एकी नाही असं रडणाऱ्यानं एकदा त्या भिंतीवरून वाकून बघायला हवं होतं.

दत्तारामनं ‘सुयोग्य’चा ‘सु’ काढायला घेतला, तेवढ्यात गुरुप्रसाद चिकन सेंटरवाल्याची स्कूटर साकवावर येऊन थांबली. एक पाय खाली टेकून त्यानं भिंत वाचली, अगदी मोठ्यानं आणि मनापासून.

“घ-न-क-च-ऱ्या-चे. व्वा! दत्ताभाव, तो ‘घ’ बगा कसो बसलोहा, जेवान ढेकर दिल्यासारखो. असा अक्षर आता कोणाच्या हाताक नाय.” एवढं बोलून त्यानं हँडलला लावलेली पिशवी सोडली, भिंतीवरून पलीकडे भिरकावली आणि “चलांदेत, बरा काम चल्लाहा,” म्हणून निघून गेला. पिशवीत कोंबड्यांची पिसं होती. त्यातलं एक उडत येऊन ‘घ’च्या ओल्या पोटावर चिकटलं.

संचितानं खाली बघितलं. दत्तारामनं नखानं पीस काढलं आणि पुढचं अक्षर लिहायला घेतलं.

दत्तारामचा उभा जन्म भिंती आणि फळ्यांवर गेला होता. होड्यांवरची नावं, दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, नाटकाचे पडदे, सगळं त्याच्या हातचं. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या; होड्या तेवढ्या राहिल्या, कारण मोसम सुरू व्हायच्या आधी होडीवरचं नाव नव्यानं काढावंच लागतं. सगळ्यात जास्त वेळा त्यानं लिहिलेलं वाक्य म्हणजे ‘येथे कचरा टाकू नये’. आणि जिथे जिथे ते लिहिलं, तिथे तिथे पंचक्रोशीतला सगळ्यात मोठा ढीग. लोकांना जागा सापडायला त्या वाक्याचा उपयोगच व्हायचा.

त्याला याचं दुःख होतं. हसण्यावारी न्यायचा, पण होतं. एवढं लिहिलं, त्यातलं एक अक्षर आपल्या मनातलं नाही. वाक्य दुसऱ्याचं, भिंत तिसऱ्याची, आपला फक्त रंग. आणि वाचणारे अक्षराला मान डोलावून कचरा टाकून जाणार. मेल्यावर लोक म्हणतील, अक्षर चांगलं होतं. काय लिहिलं होतं, ते कोणालाच आठवणार नाही.

साहित्याशी त्याचा संबंध एकदाच आला होता. तालुक्याला एक साहित्य मेळावा भरला, त्याच्या व्यासपीठावरचा भला मोठा फळा दत्तारामनं रंगवला. उद्घाटनाच्या दिवशी फळ्याचा वरचा खिळा निसटला आणि ‘तू जरा मागून धर’ असं संयोजकांनी सांगितल्यामुळे दत्तारामनं तिन्ही भाषणं फळ्याच्या मागे उभं राहून, दोन्ही हात वर करून ऐकली. विषय होता मायबोलीचं भवितव्य. मायबोलीच्या काळजीनं वक्ते इतके कासावीस झाले होते की जेवणाची वेळ टळून गेली, आणि दत्तारामच्या खांद्यांतून कळा यायला लागल्या. पण त्यातल्या एकानं सांगितलेलं वाक्य त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. लेखकानं सगळंच लिहून मोकळं होऊ नये, वाचणाऱ्यासाठी थोडी जागा सोडावी. पेंटरला हे लगेच पटलं. भिंतीवर जागा सोडण्याचं महत्त्व त्याच्याइतकं कोणाला कळणार?

दुपारी घरी आला तेव्हा आनंदी मागील दारी पेडवे साफ करत बसली होती.

“ही खवलां तू खंय टाकतंस गो?” त्यानं विचारलं.

“व्हाळात. मगे काय माझ्या डोक्यार टाकू?”

“मी सकाळधरना भितीर काय लिवतंय, ता वाचलंस?”

“तुमी लिवलेला काय वाचूचा? जन्मभर बगतंय.” तिनं मान वर न करताच सांगितलं. “आणि ता शाळेतला बोलणा. माका वाचताना कसा वाटता, कोणाक तरी दुसऱ्याक सांगतत.”

“आणि तुका सांगूचा झाला तर कसा सांगूचा?”

“माका गाळी घातल्यार कळता,” आनंदी म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, “नाय तर देवासमोर सांगल्यार.”

दत्ताराम जेवायला बसला, पण त्याचा घास हातातच राहिला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शिव्या लिहिता येत नाहीत. राहिला देव. आणि देवाशी या गावात आजवर कोणी शुद्ध मराठीत बोललं नव्हतं. पाऊस, पीक, मुंबईतल्या चाकरमान्याची नोकरी, सुनेचं बाळंतपण, जे काय असेल ते गणपत घाडी देवळाच्या सभामंडपात उभा राहून खणखणीत मालवणीत देवाच्या कानावर घालायचा. तेच गाऱ्हाणं. घाड्यानं एक वाक्य म्हणायचं आणि जमलेल्या गावानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्यावर शिक्का मारायचा. ते म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

“आमटी थंड जाता,” आनंदी म्हणाली.

“जांवदे,” दत्ताराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काल पुऱ्या केलेल्या मजकुरावर, ‘सुसंस्कृत ग्रामजीवना’सकट, चुना मारला आणि लिहायला बसला. आणि काय आश्चर्य, ज्याचा हात कधी अडला नव्हता तो माणूस एकेका शब्दापाशी अडायला लागला. स्टुलावर चढला, उतरला, साकवाच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन बघून आला, एक शब्द खोडला. दुसऱ्याचं लिहिताना फक्त हात लागतो. आपलं लिहिताना नुसत्या हातानं भागत नाही, हे त्याला उतारवयात कळलं. ‘गाडयेवरना’ हा शब्द सुचला तेव्हा तर तो स्टुलावर एकटाच हसला. शेवटी भिंतीवर उतरलं ते असं:

बा देवा म्हाराजा!
ह्यो व्हाळ तुझो, ह्या पाणी तुझा, आमी तुझी लेकरां.
ह्या व्हाळात जो कोणी दिसाढवळ्या, गाडयेवरना, मान फिरवन कचरो टाकीत,
तेची न्हाणी तुंबांदे रे म्हाराजा!

खाली त्यानं हातभर जागा कोरी सोडली. वाचणाऱ्यासाठी.

संचिता आली, वाचलं, आणि साकवाचा कठडा धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिला ‘वर’ची आठवण झाली आणि घाबरून ती एकदम मालवणीत आली. “काका, ह्या वर कळला तर माझा काय?”

“वरचो माणूस हय वाचूक येतलो?”

“हय कोण कशाक येतलो?” ती विचार करून म्हणाली. जुन्या ओळीचा फोटो तिनं कालच पाठवून दिला होता. वरच्या लोकांचं समाधान झालेलं होतं.

भिंत लोकांनी वाचली. अशी तशी नाही, थांबून, ओठ हलवून, मोठ्यानं वाचली. आणि शेवटच्या ‘रे म्हाराजा’वर आल्यावर खालची कोरी जागा बघून त्यांना राहवेना. जन्माची सवय. आजूबाजूला कोणी नाही असं बघून का होईना, प्रत्येक जण हळूच ‘व्हय म्हाराजा’ म्हणून पुढे सरकायचा. शाळेची पोरं तर जाताना आणि येताना रांगेत उभी राहायची. एक घाडी व्हायचा, बाकीचे गाव व्हायचे, आणि ‘व्हय म्हाराजा’ असं काही ओरडायचे की व्हाळातले बगळे उठायचे.

आणि कचरा पडायचा थांबला. तुळसाकाकी करवंट्यांची टोपली घेऊन आली, वाचलं, टोपली डोक्यावरून न उतरवताच मागे फिरली. गुरुप्रसाद पिशवी फिरवत आला तो ‘गाडयेवरना’पाशी थबकला. स्कूटरवरून उतरला. उतरून टाकलं तर चालेल का, याचा त्यानं थोडा वेळ विचार केला असावा. मग पिशवी हँडलला लावून गुपचूप निघून गेला.

दत्ताराम समोरच्या चहाच्या टपरीवर बसून हे सगळं बघायचा. रंगाचं काम नसलं तरी तो सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तिथे येऊन बसायला लागला. कोणी वाचायला थांबलं की त्याचा चहा थांबायचा. वाचणाऱ्याचे ओठ हलताना बघून त्याला जे वाटायचं ते त्याला आनंदीलासुद्धा सांगता आलं नाही. तिला तो एवढंच म्हणाला, “लोक वाचतत गो.” आनंदी म्हणाली, “मी सुदा वाचलंय. खवलां आता माडाच्या बुडाक घालतंय.” घरच्या माणसानं दिलेली ही दाद त्याला पुरस्कारापेक्षा मोठी वाटली.

मग गुरुप्रसादची न्हाणी तुंबली.

खरं तर त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. व्हाळात टाकणं बंद झाल्यापासून गुरुप्रसाद पिसं न्हाणीच्या मोरीतून पाणी मारून ढकलत होता. तुळसाकाकीनंही टोपलीतला बारीक कचरा आपल्या मोरीत सारला होता. गावातल्या निम्म्या घरांनी हाच शोध आपापल्या बुद्धीनं लावला होता. पण एवढी साधी गोष्ट बोलून दाखवायची तर आपण आधी कचरा कुठे टाकत होतो ते सांगावं लागणार. त्यापेक्षा देवाचा कोप परवडला. मालवणहून प्लंबर बोलावले गेले, तेही भर दुपारी, गाव झोपलेला असताना. एका दुपारी तिघांनी बोलावलेला प्लंबर एकच निघाला, आणि तो एका घरातून निघून उघडपणे शेजारच्या घरात शिरला, तेव्हा सगळं बाहेर आलं.

“गाऱ्हाणा लागला!” गुरुप्रसादनं बोंब मारली. देवळात बैठक बसली.

सगळ्यात जास्त संतापला होता गणपत घाडी. त्याची न्हाणी धडधाकट होती. त्याचं दुखणं वेगळं होतं.

“दत्तारामा, तुका मान कोणी दिलो? ह्या गावात गाऱ्हाणा घालूचो मान घाड्याचो. माझ्या बापाशीचो, आज्याचो.”

“मी गाऱ्हाणा घालूक नाय, गणपत. मी लिवलंय.”

“तोच तर घोटाळो करून ठेवलंस! आमी तोंडान म्हणतव ता वाऱ्यार जाता. देव आयकता, काय करूचा ता करता, इसारता. तू भितीर लिवलंस. देवाच्या कानाकडे दिसभर किरकिर! आणि ती पोरां दोन-दोन येळा ‘व्हय म्हाराजा’ करतत. देवान करूचा काय?”

गणपतचं म्हणणं दत्तारामला मनातून पटलंसुद्धा.

“संचिता बाय, तू काय म्हणतंस?” त्यानं आशेनं विचारलं.

संचिता पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. “आमची पण तुंबलीहा, काका,” ती हळूच म्हणाली.

“पुसून टाक,” गुरुप्रसाद म्हणाला. “आणि देवासमोर सांग, चुकी झाली.”

दत्ताराम उठून उभा राहिला. तो बैठकीत कधी बोलत नसे. बोलायला गेला की त्याचा आवाज चिरकायचा, तसा आताही चिरकला.

“भित गावाची आसा. पूस म्हणतास तर पुसतंय. पण चुकी झाली म्हणान मी सांगूचंय नाय. होडयेवर लिवलंय ता होडयेवाल्याचा, शाळेत लिवलंय ता मास्तराचा. हय लिवलंय ता माझा. माझा म्हणूचा तर तेवढाच आसा.”

गणपतनं घसा खाकरला आणि म्हणाला, “देवाक इचारुया.”

कौल मागायला गुरवानं देवाच्या पाषाणाला फुलांच्या ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर पुसायचं, डावी पडली तर ठेवायचं. दत्ताराम डावीकडे टक लावून उभा होता. त्यानं आयुष्यात देवाकडे बरंच काही मागितलं होतं, पण एका कळीकडे बघून एवढं कधी मागितलं नव्हतं. फार वेळ लागला नाही. उजवी पडली.

सगळा गाव भिंतीपाशी आला. दत्तारामनं चुन्याच्या बालदीत कुंचला बुडवला, तेवढ्यात गणपतनं त्याला थांबवलं. “तसा पुसूचा नाय. गाऱ्हाणा घातला तसा बोलून मागे घेवक होया.” त्यानं खिशातून चष्मा काढला आणि भिंतीसमोर उभा राहिला. पहिली ओळ अडखळत गेली. दुसऱ्या ओळीला त्याची मान वर झाली. तिसऱ्या ओळीला त्यानं चष्मा काढूनच टाकला, हात उंचावला, आणि देवळात लागतो तसा त्याचा तो खणखणीत आवाज लागला, “...दिसाढवळ्या, गाडयेवरना, मान फिरवन कचरो टाकीत, तेची न्हाणी तुंबांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळा गाव एका तोंडानं गरजला. सगळ्यात मोठा आवाज गुरुप्रसादचा होता.

मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तुळसाकाकीनं तोंडावर पदर धरला.

“मागे घेतलव! मागे घेतलव रे म्हाराजा!” गणपत घाईघाईनं ओरडला आणि दत्तारामकडे वळला. “बगतंस काय मेल्या, मार चुनो!”

दत्तारामनं चुना मारला. वरून खाली, नीट, कुठे डाग राहणार नाही असा. काम करायचं तर चांगलंच करायचं, ही त्याची सवय त्या दिवशीही सुटली नाही. एका हातात अक्षरं झाकली गेली नाहीत, म्हणून दुसरा हात मारला. गणपत तोवर बाजूलाच उभा होता. जाताना तो कोणाकडेही न बघता म्हणाला, “ता ‘मान फिरवन’ बरा घातलंस.”

त्या जागी पुन्हा ‘घनकचऱ्याचे सुयोग्य व्यवस्थापन’ आलं. न्हाण्या मोकळ्या झाल्या आणि व्हाळ भरू लागला. दत्ताराम टपरीवर जायचा बंद झाला. काय झालं विचारलं तर म्हणायचा, चहात साखर जास्त घालतात.

जत्रेच्या दिवशी सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईचे चाकरमानी आले होते. दत्ताराम येणार नव्हता, आनंदीनं ओढून आणला म्हणून मागच्या खांबाला टेकून उभा होता. गणपत घाड्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. पाऊसपाणी झालं, मुलांची लग्नं झाली, समुद्रावर गेलेल्यांची राखण झाली. प्रत्येक वाक्याला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. मग गणपत क्षणभर थांबला, आणि त्यानं हात वर केला.

“ह्यो व्हाळ तुझो, ह्या पाणी तुझा, आमी तुझी लेकरां रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

दत्ताराम खांबापासून सरळ झाला. आनंदीनं त्याचा दंड धरला.

“ह्या व्हाळात जो कोणी दिसाढवळ्या, मान फिरवन कचरो टाकीत, तेका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा!”

“‘गाडयेवरना’ खाल्ल्यान,” दत्ताराम पुटपुटला. “आणि न्हाणी पण काडून टाकल्यान. मेल्यान वाट लावल्यान सगळ्याची.”

“गप ऱ्हवा,” आनंदी म्हणाली.

पुढे उभा असलेला मुंबईचा एक चाकरमानी आपल्या मुलाला सांगत होता, “हे सगळं फार जुनं आहे बरं का. आपल्या पणजोबांच्याही आधीपासून असंच म्हणतात.” मुलानं मान डोलावली. गणपतनं ‘चांगली बुद्धी दी रे म्हाराजा’ पुन्हा एकदा जोरात म्हटलं.

“व्हय म्हाराजा!” सगळा सभामंडप दणाणला आणि शांत झाला. गणपतनं पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला. त्या मधल्या जागेत, मागच्या खांबापासून, एकच चिरकलेला आवाज उशिरा आला.

“व्हय म्हाराजा.”